अपुरा नमुना

सर्जनने मला विचारलं, "थकवा येतो का?"

मी म्हटलं, "येतो."

त्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि माझी मान कापायचं ठरलं.

मी बस चालवते. एकवीस वर्षं झाली. रोज साडेआठ तास, फेऱ्या सहा, आणि प्रत्येक फेरीत निदान एक माणूस असा की ज्याला दार बंद झाल्यावरच चढायचं असतं. थकवा येतो का म्हणे. साडेआठ तास क्लच दाबून ज्याला थकवा येत नाही असा माणूस आणून दाखवा, मी त्याला जन्मभर फुकट फिरवीन.

डेपोच्या वार्षिक तपासणीत हे निघालं. एरवी डोळे, रक्तदाब, साखर एवढंच बघतात. या वर्षी कुठल्याशा प्रयोगशाळेने स्वस्तात सगळ्याच चाचण्या करून दिल्या आणि त्यात माझं कॅल्शियम सापडलं. अकरा पूर्णांक चार. साडेदहाच्या वर नको असतं. डेपोने मला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथून मी सर्जनच्या टेबलासमोर आले.

"मानेत पॅराथायरॉइड नावाच्या चार ग्रंथी असतात," तो म्हणाला. "वाटाण्याहून लहान. त्या एक हार्मोन सोडतात. हार्मोन हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. तुमची एखादी ग्रंथी फुगून जास्त काम करतेय. ती काढली की झालं."

"पण हार्मोन नॉर्मल आहे असं इथे लिहिलंय."

"कॅल्शियम एवढं चढल्यावर हार्मोन खाली यायला हवं. आलं नाही, म्हणजे नॉर्मल असूनही ते जास्तच."

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नॉर्मल म्हणजे जास्त. उद्या म्हणतील हिरवा म्हणजे लाल.

"माझ्या आईचंही ऑपरेशन झालंय," मी म्हटलं. "इथेच. दोनदा."

"मग बघा," तो म्हणाला. "घराण्यातच आहे." आणि सोमवारची तारीख लिहिली. मध्ये बारा दिवस होते.

आईचं सांगते. आई शिंपी होती. बायकांचे कपडे, शाळेचे गणवेश, पडदे, जे येईल ते. चौदा वर्षांपूर्वी तिच्या रक्तात कॅल्शियम जास्त निघालं. तिलाही विचारलं थकवा येतो का. दिवसभर मशीन चालवून वर घर सांभाळणारी बाई नाही कसं म्हणेल? एक ग्रंथी काढली. कॅल्शियम जिथल्या तिथे. सहा महिन्यांनी परत मान उघडली आणि उरलेल्या तिन्ही शोधून काढल्या. या वेळी कॅल्शियम खाली आलं, आणि इतकं खाली गेलं की पुन्हा वर आलंच नाही. तिच्या गळ्यावर एकाखाली एक दोन व्रण आहेत, कुणी टीप उसवून परत मारावी तसे. तेव्हापासून ती दिवसातून तीनदा खडूसारख्या गोळ्या चघळते. एक वेळ चुकली की ओठांना मुंग्या, मग बोटं आखडतात, अंगठा तळहातात शिरतो आणि पाची बोटं चोचीसारखी एकत्र येतात. तशा हाताने सुई धरता येत नाही. मशीन खिडकीपाशी आहे, त्यावर फुलांची कुंडी.

माझी भीती ही होती. मरायची नाही. सुई न धरणारी बाई घरात बसते. स्टिअरिंगवर हात आखडणारी बाई चाळीस माणसं घेऊन खांबावर जाते. त्याआधीच डेपो लायसन्स काढून घेईल आणि मला तिकिटं मोजायच्या खोलीत बसवेल. मला दुसरं काहीही येत नाही.

ऑपरेशनआधी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं असतं. या बाई आठवड्यातून दोनच दिवस येत, बाहेर रांग जिन्यापर्यंत. साठीच्या, डोळ्यांखाली काळं, बोलताना चष्मा काढून कपाळ चोळायची सवय. मला वाटलं, ही माझ्याहून थकलेली, हिला विचारावं थकवा येतो का.

त्यांनी माझे कागद दोनदा वाचले. "आईचंही? आईच्या बाजूला आणखी कुणाचं?"

"मामाचं जास्त होतं म्हणे. त्याने डॉक्टरला शिव्या घातल्या आणि परत गेला नाही. ब्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. शेवटच्या वर्षापर्यंत सायकल चालवायचा."

बाई पहिल्यांदा हसल्या. "तुमच्या मामांनी बरोबर केलं असेल कदाचित. हे बघा, एक दुर्मीळ प्रकार असतो. जन्मापासूनचा, जनुकातला. ग्रंथींना रक्तातलं कॅल्शियम मोजता यावं म्हणून त्यांच्यावर एक संवेदक असतो. या लोकांत तो जरा मंद असतो. कॅल्शियम पुरेसं झालं हे त्याला उशिरा कळतं. म्हणून सगळंच थोडं वरच्या पातळीवर चालतं."

"म्हणजे थर्मोस्टॅट नव्वदऐवजी शंभराला उघडतोय."

"अगदी. आणि इंजिन त्याच हिशेबाने बनलेलं असतं. आयुष्यभर बहुतेक काही होत नाही."

"मग ग्रंथी कापून?"

"फायदा नाही. सगळ्या काढल्या तर..." त्या थांबल्या. मी वाक्य पुरं केलं नाही. ते वाक्य घरी कुंडीला पाणी घालत होतं.

"ओळखायचं कसं?"

"लघवीवरून. तोच संवेदक मूत्रपिंडातही असतो. ग्रंथी फुगली असेल तर लघवीतून कॅल्शियम भरपूर जातं. या प्रकारात मूत्रपिंड ते धरून ठेवतं, फार कमी जातं. चोवीस तासांची लघवी गोळा करायची. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकही थेंब चुकवायचा नाही. आणि आईचे जुने कागद असतील तर घेऊन या."

प्रयोगशाळेतल्या कारकुनाने मला पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला. त्यावर माझं नाव आणि खाली ठळक अक्षरात मूत्र. एवढं ठळक तर आमच्या बसवर मार्गाचं नावही नसतं.

घरी आईने कॅन बघितला आणि हातातला कप खाली ठेवला.

"नीट भर," ती म्हणाली.

"भरते ना."

"रजा घे त्या दिवशी."

"ऑपरेशनला तीन आठवडे जाणार आहेत. रजा कुठून आणू? डेपो माझ्या सासऱ्याचा आहे का?"

"मग प्रत्येक वेळी त्यातच कर. लाजू नकोस. कमी झालं तर कमी सांग. ऐकतेस ना? कमी तर कमी."

दिवसभरात चार वाक्यं बोलणारी बाई. मला वाटलं, म्हातारपण.

गुरुवारी पहाटे चारला पहिली लघवी सोडून दिली आणि कॅन घेऊन ड्यूटीवर गेले. आमच्या डेपोत बायका ड्रायव्हर तीन. आमच्या संडासाची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन कुठे असेल हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. कॅन पिशवीत घालून मी दर फेरीला त्याला शोधत फिरले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "ताई, आज पोट बिघडलंय वाटतं?" मी म्हटलं, "हो, तुला बघून." साडेनऊपर्यंत पिशवीचा बंद तुटला आणि कॅन नावासकट उघडा पडला. समोरच्या सीटवरचं पोरगं अक्षरं लावून मोठ्याने वाचायला लागलं. मू, मूत्... त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढच्या थांब्यावर लेबल नखाने खरवडून काढलं. चाळीस माणसांचा जीव हातात घेऊन चालवते, पण एका शब्दाची लाज वाटली. कॅन सीटखाली सारला.

हीच चूक. बिनलेबलाचा पांढरा कॅन ड्रायव्हरच्या सीटखाली म्हणजे काय, हे डेपोत कुणालाही विचारा.

सव्वाअकराला सुट्टी. मी गाडी रांगेत लावली, कँटीनमध्ये गेले आणि परत आले तर बॉनेट उघडं. आत डेपोचा मिस्त्री. त्याला सगळे पान्या म्हणतात. रिटायर व्हायला आठ महिने, कानावर कायम अर्धी विडी. त्याच्या हातात माझा कॅन होता आणि कॅनचं तोंड रेडिएटरमध्ये.

"पान्या!"

"ओरडता कशाला, ताई? गाडी तापत होती तुमची. जरा टॉपअप मारलं."

"ते कूलंट नाही."

"पाणी आहे का? मलाही जरा पातळ वाटलं."

"पाणी नाही."

पान्याने कॅनमध्ये डोकावलं. वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला तेल, डिझेल, ग्रीस, बॅटरीचं आम्ल सगळं ओळखता आलं होतं. हेही आलं. विडी कानावरून खाली पडली.

"कुणाचं?" त्याने हळूच विचारलं.

"माझं. तपासणीचं आहे."

"आयला," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "गाडीला काही नाही होणार. आमच्या उस्तादाने एकदा घाटात असंच गाडी घरी आणली होती."

मला हसू आलं असतं, पण सोमवार चार दिवसांवर होता. मी बसच्या पायरीवर बसून घेतलं. पान्या फडक्याने हात पुसत उभा राहिला, बराच वेळ, हात स्वच्छ झाल्यावरही. मग म्हणाला, "काढून देऊ का परत? ड्रेन प्लग आहे." बिचारा मनापासून विचारत होता.

दुपारच्या फेरीत गाडीला वास यायला लागला. एक आजोबा म्हणाले, "काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "माझं नशीब. पुढे सरका."

संध्याकाळी आईला सांगितलं. मला वाटलं हसेल. तिने शांतपणे विचारलं, "किती सांडलं?"

"अर्ध्याहून जास्त."

"पाणी घालू नकोस त्यात."

"पाणी कशाला घालीन?"

ती मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. उजवा हात डाव्या हाताने चोळत होती, बोटं आखडायला लागली की करते तसं. "मी घातलं होतं," ती म्हणाली.

चौदा वर्षांत पहिल्यांदा बोलली. शाळा उघडायचे दिवस होते, साठ गणवेशांची ऑर्डर. दुकानात संडास नव्हता, शेजारच्या हॉटेलात जावं लागे. पुरुषांनी भरलेल्या हॉटेलातून बाटली घेऊन कशी जाणार? दिवसातून तीन वेळा ती बाटलीशिवायच गेली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला माणूस तिच्या आधीच्या बाईवर खेकसत होता, एवढंच आणलंस, परत कर. आईला परत करायला वेळ नव्हता. बाहेरच्या नळावर तिने बाटली रेघेपर्यंत भरली. "त्यांना कळलंच. नमुना अपुरा असा शिक्का मारला. सर्जन म्हणाला, लघवीत कॅल्शियम कमी दिसतंय पण हे काही खरं नाही, तुम्हीच बिघडवलंय, आता थांबण्यात अर्थ नाही. आणि कापलं." तिने कुंडीकडे बघितलं. "मी खोटेपणा केला. त्याचं हे झालं. कुणाला दोष देऊ?"

 मला आईचा राग आला, खरं सांगते. एक बाटली पाणी. त्यावर चौदा वर्षं. मग स्वतःचाही आला, कारण मीही नखाने लेबल खरवडलं होतं. आम्ही मायलेकी मान द्यायला तयार असतो, पण लघवी केली हे कुणाला कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या सकाळी उरलेला कॅन घेऊन गेले, रक्त दिलं. फॉर्मवर स्पष्ट लिहिलं, अर्ध्याहून जास्त नमुना गाडीत गेला. कारकुनाने ते वाचलं, वर माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

"गाडीत म्हणजे?"

"रेडिएटरमध्ये."

"बाई, हे चालणार नाही. मंगळवारी नवा कॅन मिळेल."

"सोमवारी मान कापतायत माझी. मंगळवारी कॅन माझ्या फोटोपुढे ठेवू का? आहे तेवढं तपासा."

त्याने तपासायला घेतलं, पण शिक्का मारलाच. नमुना अपुरा. चौदा वर्षांत यांना दुसरा शिक्का करून घेता आला नाही.

शनिवारी रिपोर्ट आला. सर्जनने शिक्का बघितला आणि कागद बाजूला ठेवला. "याचा काही उपयोग नाही. सोमवारी उपाशीपोटी या."

"हार्मोनच्या बाईंना दाखवून येते."

"दाखवा. फरक काही पडणार नाही."

रांग जिन्यापर्यंतच होती. आई माझ्याबरोबर आली होती, मांडीवर जुन्या कागदांची पिशवी घेऊन. ती पिशवीही तिनेच शिवलेली, पडद्याच्या उरलेल्या कापडाची. आत गेलो तेव्हा दीड वाजला होता आणि बाई टेबलावरच डबा उघडून उभ्याने खात होत्या. मी सगळं सांगितलं, पान्यासकट. त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी रिपोर्ट ओढला, शिक्क्याकडे लक्षही दिलं नाही, आणि कॅल्क्युलेटर काढला.

"लघवीतलं कॅल्शियम, लघवीतलं क्रिएटिनिन, आणि रक्तातली तीच दोन. चार आकडे," त्या बटणं दाबत म्हणाल्या. "एकूण किती गेलं ते नाही बघायचं. प्रमाण बघायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, मग रक्तातल्याशी तुलना. शून्य पूर्णांक शून्य एकच्या खाली आलं तर ऑपरेशन नाही." कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. शून्य पूर्णांक शून्य शून्य सहाच्या आत.

"पण नमुना तर अपुरा आहे."

"असू दे ना. सांडलं तेव्हा कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही सांडली. उरलेल्यात प्रमाण साधारण तेच राहतं. एवढ्याने निकाल फिरत नाही. पक्कं करायला जनुकांची तपासणी पाठवू, सहा आठवडे लागतील. तुम्हाला मुलं असतील तर त्यांचंही रक्त बघून घेऊ. पण सोमवार रद्द. मी वर फोन करते."

मी खुर्चीत मागे रेलले. आनंदबिनंद काही झाला नाही. साडेआठ तासांनी इंजिन बंद केल्यावर कानात जी शांतता होते, तेवढीच.

"आणि पाणी घातलं तर?" आईने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या गळ्याकडे, मग हाताकडे.

"सांडायच्या ऐवजी," आई म्हणाली, "वरून पाणी घातलं तर?"

"तरी तेच. पाण्याने दोन्ही सारखीच पातळ होतात. भागाकार बदलत नाही."

आईने पिशवीतून कागद काढला. पिवळा, घड्यांवर फाटलेला. शिक्का तोच. बाईंनी डबा बंद केला, हात पुसले आणि चार आकडे घातले. कॅल्क्युलेटर बराच वेळ त्यांच्याच हातात राहिला.

"किती?" आई म्हणाली.

"शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. बाईंनी चष्मा काढला. "मी तेव्हा इथे नव्हते," त्या म्हणाल्या.

"कुणीच नव्हतं," आई म्हणाली. कागद घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला आणि उठली.

परतीच्या बसमध्ये तिने पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला वाटलं होतं ओझं उतरेल. चौदा वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि आता कळलं की तिने काहीच केलं नव्हतं. पण मी तिच्या बाजूला बसले होते. ते ओझं उतरल्याचं तोंड नव्हतं. स्वतःची चूक असली की माणूस निदान तिच्याजवळ बसून राहू शकतो. आता तिच्याकडे तीही नव्हती. काढून घेतली, ग्रंथींसारखी.

घरी आल्यावर तिने मशीनवरची कुंडी उचलून जमिनीवर ठेवली. ड्रॉवर उघडला, आतून शिंप्याचा निळा खडू काढला आणि मला म्हणाली, "सांग तो भागाकार. पहिल्यापासून."

"आता कशाला, आई?"

"सांग म्हटलं ना."

मी सांगितलं. तिने मशीनच्या लाकडी फळीवर आकडे मांडले. लघवीचं कॅल्शियम गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन. खाली रेघ. रक्ताचं कॅल्शियम गुणिले लघवीचं क्रिएटिनिन. शिंपीणबाई ती. छाती, कंबर, उतार, शिवणीची जागा, कापड किती उरेल, सगळं तोंडी करायची, चूक काढून दाखवा. मध्येच अंगठा तळहातात शिरायला लागला आणि खडू मोडला. मी हात पुढे केला, तिने कोपराने ढकलला. मोडलेला तुकडा डाव्या हातात घेतला आणि वाकड्या आकड्यांत भागाकार पुरा केला.

"दोन मिनिटं लागली," ती म्हणाली. "वाकड्या हाताने."

मी खाली पडलेला खडूचा दुसरा तुकडा उचलला.

"कागद माझ्याच पिशवीत होता," ती म्हणाली. "पहिल्या ऑपरेशनआधी. दुसऱ्याआधी. मला सांगितलं असतं, बाई, याला याने भाग, तर मीच करून दिला असता."

मी तिला तीनची गोळी दिली. ती चघळत बसली, ओठांवर पांढरं, बोटांवर निळं. मी फळी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाली, "राहू दे."

राहू दिलं. कुंडी अजून जमिनीवरच आहे. सहा आठवडे व्हायला अजून चार बाकी आहेत, आणि सकाळी पाचला माझी ड्यूटी आहे.